डॉट आला की उठायचं

शनिवारी मी रिळ्याला तीनदा फोन केला. दुपारी झोप काढ, एवढंच सांगायला. तिन्ही वेळा मागनं हातोडीचा आणि मोटरीचा आवाज येत होता, म्हणजे गडी उद्यमनगरातल्या दुकानातच होता. त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. "झोपतो रं मर्दा, तू नको काळजी करू," म्हणाला. झोपला नाहीच.

रात्री साडेनऊपासून सकाळी सातपर्यंत सलग चार सिनेमे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या टॉकीजात. गावातल्या सिनेमाच्या नादाच्या काही पोरापोरींनी मालकाला गळ घालून एक रात्र हॉल मिळवला होता. तिकीट अडीचशे, त्यात दोन वेळचा चहा. मोबाईलवर आलेल्या कागदावर चारही सिनेमांची नावं होती. तिसरं नाव वाचलं आणि मी बायकोला विचारायच्या आधी दोन तिकिटं काढली. त्या सिनेमाचं नाव इथं घेत नाही. पुढं त्याचा शेवट सांगावा लागणार आहे, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांचा घास मला काढून घ्यायचा नाही. तमाशापट होता एवढं पुरे.

रिळ्याला रिळ्या का म्हणतात ते आधी सांगायला पाहिजे. आम्ही मंगळवार पेठेत एका गल्लीत वाढलो. त्याचे वडील, आम्ही सगळेच त्यांना अण्णा म्हणायचो, याच टॉकीजात ऑपरेटर होते, केबिनमध्ये मशीनवर सिनेमा चालवायचे. १९८५ च्या सुमाराला, आम्ही आठवीत असताना, एका सिनेमाची एकच प्रिंट दोन टॉकीजात चालवायची पद्धत होती. इकडचा खेळ सहाला सुरू, तिकडचा साडेसहाला किंवा पावणेसातला. इकडं एक रीळ संपलं की ते उलटं गुंडाळायचं, डब्यात घालायचं, सायकलच्या कॅरियरला बांधायचं आणि तिकडं पोचवायचं. ते पोचवायला पोरगं लागायचं, आणि अण्णांच्या घरातच पोरगं होतं. दोन हजार फुटी रीळ डब्यासकट पाच-सहा किलो भरतं. ते घेऊन तो बिंदू चौकातनं सायकल हाणत जाताना आम्ही कितीदा बघितलाय. पावसाळ्यात डब्यावर स्वतःचा रेनकोट घालायचा आणि आपण भिजत जायचा. तिकडच्या पब्लिकच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत रीळ पोचलं पाहिजे, ही त्याची जबाबदारी. तेरा वर्षांच्या पोराची.

त्यामुळं रिळ्यानं त्या काळातले सगळे सिनेमे बघितले, आणि त्यातला एकही धड बघितला नाही. वीस मिनिटं बघायचं, मग सायकल. परत येईपर्यंत गोष्ट पुढं गेलेली. तीन-चार आठवड्यांत तुकडे जोडून बहुतेक सिनेमा पुरा व्हायचा त्याचा. पण या तमाशापटाचं शेवटचं रीळ त्याला कधीच मिळालं नाही. ते सुरू व्हायचं त्याच वेळी आधीचं रीळ घेऊन निघायला लागायचं, आणि परत यायचा तेव्हा दारं उघडलेली असायची, लोक बाहेर पडत असायचे. तेरा आठवडे सिनेमा चालला. तेरा आठवडे तो सायकल टेकवून दारात उभा राहून लोकांची तोंडं बघत होता. बायका पदर डोळ्याला लावून बाहेर यायच्या, त्याची आईसुद्धा. तेवढ्यावरनं त्याला शेवट कळला होता.

"पुढं टीव्हीवर लागला की रे दहादा," मी त्याला एकदा म्हणालो होतो.

"लागला. मी बंद केला. हॉलातच बघायचा होता."

याच्यावर मी काही बोललो नव्हतो. पण ते डोक्यात राहिलं होतं, म्हणून दोन तिकिटं.

रात्रभर बसायचं तर तयारी लागते, आणि ती मी मनापासून केली. दुपारी दोन तास झोपलो. संध्याकाळी भाकरी, झुणका आणि ताक, एवढंच. शनिवार असून तांबड्या-पांढऱ्याला हात लावला नाही. भरल्या पोटी अंधारात बसलं की बाराच्या आत मान पडते. पिशवीत भडंग, गूळ-शेंगदाणे, पाण्याच्या दोन बाटल्या, शाल आणि पायात घालायला लोकरी मोजे. डिसेंबरात कोल्हापुरात पहाटे चांगली थंडी असते, आणि जुन्या हॉलची फरशी ती खालनं वर पाठवते. मोज्यांचा उपयोग शालीपेक्षा जास्त झाला.

साडेआठला मी रिळ्याला घ्यायला गेलो. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभा. हातावर वार्निशचे डाग तसेच, पण शर्ट लग्नाला जाताना घालतो तो. त्याची आई आत कॉटवर बसली होती, ऐंशी उलटल्यात. "रात्रभर काय बघताय रं एवढं?" म्हणाल्या. रिळ्यानं सिनेमाचं नाव सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही, फक्त "जावा" म्हणाली.

खरी कॉर्नरवरनं जाताना त्यानं गाडी हळू करायला लावली. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. आपल्याकडं चौकाचौकात पुतळे आहेत, पण कॅमेऱ्याचा खांब उभा करणारं गाव दुसरं मला माहीत नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. विकत आणायची ऐपत आणि सोय दोन्ही नव्हतं, म्हणून सुटे भाग घडवून, खटपट करून बनवला. रिळ्याला पेंटरांबद्दल जे प्रेम आहे ते कलावंताबद्दलचं कमी आणि कारागिराबद्दलचं जास्त आहे. "लेथवर बसणारा माणूस हाय तो," असं तो त्यांच्याबद्दल आजही वर्तमानकाळात बोलतो. पुढं मिरजकर तिकटीजवळ खासबागेच्या बाजूला मान वळवली की केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं त्या रात्री आम्ही दोघंही तिथं गर्दीत उभे होतो. त्या बाजूला आम्ही बघितलं, बोललो काही नाही.

टॉकीजात साधारण दीडशे माणसं होती. कॉलेजची पोरंपोरी निम्मी. एक वयस्कर जोडपं थर्मास घेऊन आलेलं. तिसऱ्या ओळीत सात-आठ बायकांचा गट, घरनं उशा घेऊन. आम्ही मागनं चौथ्या ओळीत, मधल्या वाटेच्या कडेला बसलो. जागा रिळ्यानं निवडली. इथनं पडदाही सरळ दिसतो आणि मान मागं केली की केबिनची खिडकीही दिसते, म्हणाला.

पहिला सिनेमा 'अयोध्येचा राजा'. १९३२ चा, प्रभातचा, आणि आपल्या गावात झालेला. प्रभात पुण्याला गेली १९३३ मध्ये. त्याआधीची चार वर्षं ती कोल्हापूरची होती, १ जून १९२९ पासून. शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर आणि पैसा उभा करणारे सीतारामपंत कुलकर्णी. पडद्यावर गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. टेंब्यांचं संगीतही आणि गाणंही. सुरुवातीला कॉलेजची पोरं आवाजाच्या खरखरीला हसली. पंधरा मिनिटांत ती गप्प झाली. बोलपट म्हणजे काय हे अजून कुणालाच नीट माहीत नव्हतं तेव्हा या लोकांनी तो इथं केला. माईकपासून लांब गेलं की आवाज पडतो, म्हणून माणसं एका जागी उभी राहून बोलतात, आणि तरी दुर्गाबाई नुसत्या उभ्या राहिल्या की नजर हलत नाही. लिलावाच्या प्रसंगाला आमच्या पुढची मुलगी पुढं वाकून बसली ती दहा मिनिटं मागं टेकलीच नाही.

रिळ्या मात्र सिनेमा बघत होता आणि नव्हताही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर त्याची नजर सारखी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात जायला लागली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, तो डॉट शोधतोय.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फिल्मच्या काळात केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. एकावर रीळ चालू, दुसऱ्यावर पुढचं चढवून तयार. दोन हजार फुटी रीळ चालतं वीस-बावीस मिनिटं. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं आणि सेकंदाला चोवीस चित्रं, हे अण्णांनी आम्हाला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका येतो. चारच चित्रांवर असतो, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. साधारण सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की पट्कन पालटायचं, या मशीनचा उजेड बंद, त्या मशीनचा चालू. खाली बसलेल्या हजार माणसांना काही कळता कामा नये. पापणी लवली आणि डॉट चुकला तर पडदा पांढरा, आणि मग अण्णांच्या नावानं शिमगा. अण्णा म्हणायचे, "डॉट आला की उठायचं. मग देव जरी पडद्यावर आला तरी बघत बसायचं न्हाई."

रिळ्या चाळीस वर्षं तसाच सिनेमा बघतोय. पोरांना घेऊन मल्टिप्लेक्सला जातो तिथंही. डॉट कधीच येणार नाही हे माहीत असून.

बाराच्या सुमाराला पहिला चहा. चहा चांगला होता, पण शंभर जणांना पुरला आणि पन्नास जण बाहेर गाडी शोधत गेले. दुसरा सिनेमा जपानी, खाली इंग्रजी ओळी. सिनेमा उत्तम असेल. पण माझं स्पष्ट मत आहे की मध्यरात्री साडेबाराला संथ सिनेमा आणि तोही वाचत बघायचा, हे ठेवणाऱ्यांचं चुकलं. तो पहिला तरी ठेवायचा, नाहीतर उजाडताना. एक वाजून गेल्यावर शरीर आपलं ऐकत नाही. डोळे उघडे असतात, ओळी दिसतात, पण वाचलेलं आत जात नाही. मध्ये आवाजही गेला चार-पाच मिनिटं. मी त्या सिनेमातला निम्मा वेळ झोपलो, आणि ते मला अजिबात वावगं वाटत नाही. रात्रभराच्या खेळात कुठंतरी झोपायला लागतंच. मधली डुलकी घेतली तर पुढचा सिनेमा वाचतो. उशा आणलेल्या बायका हे आधीपासून जाणून होत्या.

जाग आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी. मागं वळून बघितलं. केबिनच्या खिडकीत रिळ्याचा पांढरा शर्ट दिसला.

मी वर गेलो. लोखंडी जिना तसाच, अरुंद. वर चोविशीतला एक मुलगा खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. केबिनमध्ये गारवा होता, एसी चालू. मधोमध कपाटाएवढा डिजिटल प्रोजेक्टर, नुसता पंख्याचा घुमघुम आवाज. बाजूला सर्व्हर. सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, तो सर्व्हरवर भरायचा, नव्या सिनेमाला कुलूप असतं त्याची किल्ली वेगळी फाईल म्हणून येते आणि ती ठरल्या तारखांपुरतीच चालते, हे त्या मुलानं रिळ्याला नीट समजावून सांगितलं. रात्रीचे चारही सिनेमे त्यानं एका यादीत लावून ठेवले होते. त्याला उठायची गरज नव्हती.

कोपऱ्यात, जुन्या पडद्याच्या कापडाखाली, मागच्या काळातला एक प्रोजेक्टर उभा होता. दुसरा भंगारात गेला होता. रिळ्यानं मुलाला विचारून कापड बाजूला केलं. दिव्याच्या पेटीचं दार उघडलं. आत कार्बनच्या कांड्या धरायचे दोन चिमटे, समोरासमोर, आणि मागं काळवंडलेला अंतर्गोल आरसा. दोन कांड्यांची टोकं एकमेकांजवळ आणली की मधल्या फटीत वीज पेटते, आणि तो उजेड इतका असतो की नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही, दाराला गडद काच असते. कांड्या जळत जळत झिजतात, फट वाढते, उजेड पिवळा पडतो. म्हणून सारखी नजर ठेवून त्या पुढं सरकवायला लागायच्या. उन्हाळ्यात अण्णा बनियनवर आणि खांद्यावर ओला पंचा टाकून काम करायचे. रिळ्यानं बोट आत घातलं आणि आरशावरनं फिरवलं. बोटावर राखाडी पूड आली. त्यानं ती पुसली नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत तो तसाच उभा राहिला, जशी त्याची बायको पीठ दळून आल्यावर चिमटीत धरून बघते.

"हितं उभं राहून एकदा फिल्म तुटली होती," तो त्या मुलाला म्हणाला. "तीन मिनिटांत जोडली अण्णांनी. ब्लेडनं फिल्मवरचा मसाला खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. धरताना मोजायचं. मी मोजत होतो."

मुलानं मोबाईल खिशात ठेवला आणि खुर्ची रिळ्याकडं सरकवली. रिळ्या बसला नाही. म्हणाला, "न्हाई, आज खाली बसून बघायचाय."

अडीच वाजून गेले तेव्हा तिसरा सुरू झाला. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं उरली होती. निम्मी झोपलेली. गूळ-शेंगदाणे याच वेळेसाठी ठेवले होते. आम्ही दोघांनी खाल्ले, तोंडावर पाणी मारून आलो. शालीचं एक टोक मी त्याच्या गुडघ्यावर टाकलं.

पडद्यावर पाऊस पडायला लागला. म्हणजे प्रिंटवरच्या ओरखड्यांचा. कुणीतरी जुनी, खूप चाललेली प्रिंट जशीच्या तशी स्कॅन केलेली होती. ओरखडे, उडालेले रंग, एका गाण्यात अर्धी ओळ गायब, सगळं तसंच. ढोलकी सुरू झाली आणि उशावाल्या बायका उठून बसल्या. एका म्हातारीनं बसल्या जागी खुर्चीच्या हातावर ठेका धरला. माझा सगळ्यांना एवढाच आग्रह आहे की रात्रभराच्या खेळात तीन वाजता लावायचा तर असा सिनेमा लावा, ज्यात ढोलकी आहे. कानातनं शिरून ती अंग जागं करते.

वीस मिनिटं झाली असतील. रिळ्याचा हात माझ्या मनगटावर पडला.

"आला."

मी बघेपर्यंत गेला होता. पण सात सेकंदांनी दुसरा आला, तो मी बघितला. उजव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका, कडेनं थोडा फाटलेला, पंचने मारलेला असतो तसा. प्रिंटबरोबर डॉटही स्कॅन झाले होते. रिळ्या खुर्चीतनं दोन बोटं वर उठला होता. खरंच उठला होता, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून. आणि चित्र न अडखळता पुढं गेलं. तो परत टेकला, आणि बराच वेळ त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

दुसऱ्या रिळाच्या डॉटला तो परत उठला. तिसऱ्याला उठला नाही, पण हाताची मूठ वळली. चौथ्याला मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं नुसती मान हलवली, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतो तशी. प्रत्येक वेळी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो टॉकीजचं नाव घेत होता. "हे मी हितं बघितलंय... हे तिकडं... हे न्हाई बघितलं, हे तिकडंच न्हेऊन दिलं." त्याच्या सिनेमाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी सांडले होते आणि तो ते मोजून गोळा करत होता.

सहावा डॉट आला साडेचारच्या पुढं. हा तो डॉट, ज्याच्यानंतर तो सायकलवर बसायचा. पहिला ठिपका, मग दुसरा. रिळ्यानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली आणि शाल खांद्यावर ओढली.

शेवटच्या रिळात फार काही घडत नाही. फड मोडतो. ज्या माणसासाठी ती नाचणं सोडायला तयार होती तो शब्द फिरवतो. ती त्याला काही बोलत नाही. पहाटे सामान बैलगाडीत भरतात. ढोलकी सगळ्यांत शेवटी, चादरीत गुंडाळून. ती गाडीत चढते, पाठ करून बसते आणि गाडी निघते. मग नुसता रस्ता. गाडी लहान होत जाते, वळणावर दिसेनाशी होते, आणि तरी कॅमेरा हलत नाही. चाकांचा आवाज ऐकू येतो, मग तोही नाही. धूळ खाली बसेपर्यंत चित्र तसंच. लहानपणी बघितला तेव्हा मला तो रस्ता एवढा लांब आठवत नव्हता.

दिवे लागले. पाणावलेले डोळे घेऊन बायका उशा गोळा करत होत्या. रिळ्या पडद्याकडंच बघत होता.

"मेली न्हाई की रं ती," तो म्हणाला.

"नाही. ती जाते."

"मला वाटलं ती मरती. एवढी वर्षं मी तिला मेलेलीच धरली होती." मग थोड्या वेळानं, "अण्णांना विचारायला पाहिजे होतं. त्यांनी रोज तीनदा बघितलं होतं."

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.

चौथा सिनेमा नवा, बक्षिसं मिळवलेला मराठी. तो आम्ही बघितला नाही. सुरू व्हायला दहा मिनिटं होती, दुसरा चहा आला होता, लोक आत परतत होते. रिळ्या म्हणाला, "लगेच दुसरा नको. चालूया जरा." पैसे गेले, पण मला त्याचं काहीही वाटलं नाही. त्याच्यावर दुसरं काही चढवण्यासारखं नव्हतं.

गाडी तिथंच ठेवून चालत निघालो. पाच वाजून गेले होते, पूर्ण अंधार, थंडीनं कान दुखत होते. बिंदू चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे फोडून पुरवण्या घालत पोरं बसली होती. महाद्वार रोडला लागलो तेव्हा देऊळ उघडलं होतं. हारवाल्यांचे बल्ब पेटलेले, ओल्या झेंडूचा वास. रिळ्या महाद्वारासमोर चपला काढून तिथनंच पाया पडला. मीही पडलो. पापाची तिकटी ओलांडून गंगावेशीत आलो. दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या, त्यांच्या अंगातनं वाफ निघत होती. समोर धार काढून देतात ते दूध, निरसं, फेसासकट. ग्लास दोन्ही हातांनी धरला की बोटं शेकतात.

रिळ्यानं अर्धा ग्लास पिऊन ओठावरचा फेस पुसला आणि मोबाईल काढला. आई या वेळेला उठलेली असते, म्हणाला. त्यानं फोन मोठ्या आवाजावर लावला आणि मध्ये धरला.

"आई, ती मेली न्हाई."

पलीकडं थोडा वेळ नुसतं खोकणं ऐकू आलं. कोण, कधी, कशातली, असं काहीच त्या माउलीनं विचारलं नाही.

"मेली म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही समद्या रडत बाहेर येत होता की."

"आरं, मेली असती तर एवढं रडलो असतो व्हय? एकटी गेली न्हवं ती. पुढं तिला कुणी बघितलं न्हाई." मग म्हणाल्या, "दूध पिऊन ये. आणि माझ्यासाठी अर्धा लिटर आण, फेस बसल्यावर माप घे."

रिळ्यानं फोन खिशात ठेवला, गवळ्याकडनं एक रिकामी बाटली मागून घेतली आणि फेस बसायची वाट बघत म्हशीशेजारी उभा राहिला.